अक्काच्या हातचे जोड

परवा सकाळी कोपऱ्यावरच्या बाईने गोणपाटावर अवरेच्या शेंगांचा ढीग ओतला आणि वास गल्लीभर पसरला. बंगळूरबाहेरच्या माणसाला हा वास समजावून सांगणं अवघड आहे. अवरे म्हणजे पावट्याचीच एक जात. पण धुक्यात भिजून आलेल्या या शेंगांच्या अंगाला तेलकट, हिरवट, किंचित उग्र असा दरवळ असतो. शेंग जितकी चिकट तितकी चांगली, म्हणून इथल्या बायका विकत घेण्याआधी ती नाकाशी धरतात. डिसेंबर लागला की पुढचे दीड-दोन महिने घरोघरी उपम्यात अवरे, आमटीत अवरे, तांदळाच्या भाकरीच्या पिठातसुद्धा अवरे. शेंगा सोलून सोलून बोटं हिरवी होतात आणि साबणाने धुतली तरी वास जात नाही.

बाकीच्यांना या वासाने भूक लागते. मला मात्र त्याच्या मागोमाग राळेचा धूर येतो. तापलेल्या कथिलाबरोबर जळणाऱ्या राळेचा, डोळ्यांना झोंबणारा, थोडासा देवळासारखा धूर. सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या दोन खोल्यांत हे दोन वास एकमेकांत मिसळून राहिले होते. एका कोपऱ्यात आई शेंगा सोलत असे आणि दुसऱ्या कोपऱ्यात अक्का माझ्या यंत्राला तारा जोडत असे.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. वडील चिकपेटमधल्या एका कापडाच्या दुकानात होते. ते गेले तेव्हा ती अठराची होती. शहराबाहेर टेलिफोन बनवण्याचा कारखाना निघाला होता आणि बारीक कामासाठी तिथे मुलींना घेत होते. आमच्या नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. आमची मराठी घराणी इथे तीनशे वर्षांची, बायकांनी कारखान्यात जाण्याची रीत कोणाच्या ऐकिवात नव्हती. अक्का कोणाशी वाद घालत बसली नाही. एका सोमवारी पहाटे डबा घेऊन बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली, आणि त्यानंतर रोज उभी राहत गेली. तिच्या त्या उभं राहण्यावर मी शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात पोचलो.

कारखान्यात ती टेलिफोनच्या आतल्या तारा जोडायची. तारांच्या रंगांचा क्रम ठरलेला असे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. घरी तांदूळ निवडतानाही ती हा क्रम ओठांतल्या ओठांत म्हणत असे, जणू एखादी आरतीच. तिचा जोड पाहण्यासारखा असे. कथिलाचा थेंब तारेभोवती वाहत जाऊन अलगद थांबलेला, चकचकीत, कुठे गोळा नाही की टोक नाही. जोड थंड झाला की ती चिमट्याने तार हलकेच ओढून पाहायची आणि मान डोलवायची. तिला ती सवय इतकी लागली होती की परकराची नाडी बांधली तरी एकदा ओढून पाहत असे.

तो हिवाळा चीनच्या लढाईचा. लढाई थांबली होती, पण कारखान्यात लष्कराच्या टेलिफोनचं काम दुप्पट झालं होतं. अक्का उशिरा सुटायची. पेटीत बसणारे, सैनिक पाठीवर बांधून डोंगरावर नेतात ते टेलिफोन तिच्या बाकावरून जात होते. त्याबद्दल ती फार बोलत नसे. एकदाच म्हणाली, "वर बर्फात बोटं वाकत नाहीत म्हणे. तिथे कोण दुरुस्त करणार? इथूनच नीट जायला पाहिजे."

आणि मी गणकयंत्र बनवत होतो.

आज लिहितानाही थोडं संकोचायला होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एका परदेशी मासिकात अशा यंत्रांविषयी वाचलं होतं आणि त्या वाचनाने मी पछाडलो होतो. रिले म्हणजे वीज आली की ओढला जाणारा आणि वीज गेली की सुटणारा छोटा खटका. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये असे हजारो असतात. तेच खटके योग्य रीतीने एकमेकांना जोडले तर ते बेरीज करू शकतात, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. इथल्या शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेले रिले वजनावर मिळत. मी शनिवारी दुपारी तिथे जाऊन लोखंडाच्या ढिगातून ते वेचून आणी. साठ-सत्तर जमले. वडिलांच्या वेळचं फळ्यांचं एक लाकडी मांडण होतं, त्यावर ते रांगेने बसवले. आकृत्या मी काढायच्या आणि तारा अक्काने जोडायच्या, असं न बोलताच ठरून गेलं. दिवसभर जे काम करून ती थकून येई तेच काम ती घरी येऊन पुन्हा करत असे, फक्त माझ्यासाठी. मी कागद पुढे ठेवायचो, ती तो नीट पाहायची आणि म्हणायची, "सरी, ठीक आहे. तू सांगशील तसं."

आईने एकदा विचारलं, "हे करणार तरी काय?"

"पंधरापर्यंतचे आकडे मिळवेल."

"ते मी बोटांवर करते," आई म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. त्या हिवाळ्यातलं आठवणारं हसणं तेवढंच.

कॉलेजातल्या आमच्या सरांना मी यंत्राविषयी सांगितलं होतं. ते म्हणाले, "चाललं तर मी येऊन पाहीन." ते मोठमोठ्या प्रयोगशाळांतल्या लोकांना ओळखत. त्यांनी एक चिठ्ठी दिली तर माझं आयुष्य मार्गी लागणार होतं. रविवार ठरला. त्याच्या आदल्या रविवारी सकाळी अक्काने शेवटची तार जोडली, ओढून पाहिली, मान डोलवली. मी सुरू करण्याची कळ दाबली.

काही झालं नाही. एकही खटका वाजला नाही. दिव्यांची रांग काळी ती काळीच राहिली. पुन्हा दाबली. गल्लीतून शेंगावालीचं ओरडणं ऐकू येत होतं आणि खोलीत आम्ही तिघं त्या मुक्या मांडणाकडे पाहत उभे होतो.

तो सगळा आठवडा मी त्या मांडणासमोरच काढला. कॉलेजातून मागून आणलेलं मीटर घेऊन मी संध्याकाळी तारांमागून तारा तपासायचो. बेरजेचा भाग वेगळा काढून चालवला तर चालत होता. वीज येत होती. कळ ठीक होती. बुधवारी एवढं कळलं की यंत्र सुरू करणाऱ्या रिलेंचा जो जुडगा होता, त्यात वीज शिरते आणि बाहेर येत नाही. आकृती मी पुन्हा पुन्हा पाहिली. मला ती पाठ होती, आणि पाठ असलेली गोष्ट माणूस पाहत नाही, फक्त म्हणतो. मला तीत चूक दिसली नाही. म्हणून मी म्हणालो, "अक्का, तुझा जोड कुठेतरी कच्चा राहिलाय."

ती हातातला डबा तसाच धरून उभी राहिली. "कुठला?"

"या जुडग्यात चाळीस जोड आहेत, त्यांतला कुठला तरी."

"मी सगळे ओढून पाहिलेत, वसू."

"तरी राहिला असेल. दिवसभर काम करून येतेस. हात थकतो."

गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिने ते चाळीस जोड एकेक करून काढले आणि नव्याने केले. राळेच्या धुराने तिचे डोळे लाल झाले होते. शनिवारी मी कळ दाबली. काही झालं नाही. मी कळ तशीच दाबून धरली आणि तिच्याकडे पाहिलं. काय नजरेने पाहिलं असेन, ते तिच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी सर आले. धोतर, काळा कोट, गळ्यात मफलर. ते खुर्चीवर बसले, यंत्राकडे कौतुकाने पाहिलं, कळ दाबायला सांगितली. एकही दिवा लागला नाही. अक्का कॉफीचे पेले घेऊन आतून येत होती. मी म्हणालो, "आकृती बरोबर आहे, सर. कुठेतरी जोड कच्चा आहे. जोडण्याचं काम माझ्या बहिणीने केलंय."

सर दयाळू माणूस होते. ते अक्काकडे वळून म्हणाले, "परवागिल्ला, अम्मा. काही हरकत नाही. घरगुती कामात असं व्हायचंच."

दहा वर्षं कारखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला ते घरगुती काम म्हणाले, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. अक्काने पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि ती आत गेली. जाताना सर म्हणाले की यंत्र गुरुवारी कॉलेजात आण, तिथे सगळे मिळून पाहू.

मंगळवारी मला थोडा ताप होता. अक्का कामावर आणि आई बाजारात. दुपारी उठून मी पुन्हा मांडणासमोर बसलो. एका हाताने कळ दाबली होती आणि दुसऱ्या हाताने एक तार बाजूला सारत होतो. बोट चुकून एका रिलेवर पडलं आणि त्याचा खटका दाबला गेला. त्याबरोबर सगळं यंत्र खडखडून जागं झालं. खटक्यांची लाट डावीकडून उजवीकडे गेली आणि दिवे लागले. सहा आणि पाच, अकरा. मी लहान मुलासारखा हसलो. मग बोट उचललं आणि कुठल्या रिलेवर ते पडलं होतं ते पाहिलं.

तो रिले बेरीज पूर्ण झाल्यावर ओढला जायचा. एका बेरजेचं उत्तर पुसण्याआधी दुसरी सुरू होऊ नये म्हणून सुरुवातीची वीज मी त्याच्यातून नेली होती. अशा रिलेला दोन बाजू असतात. एक तो निवांत असताना जोडलेली आणि दुसरी तो ओढला गेल्यावर जोडली जाणारी. मला पहिली हवी होती, आणि मी दुसरी काढली होती. माझ्या आकृतीप्रमाणे काम सुरू होण्यासाठी ते आधी संपलेलं असायला हवं होतं. अक्काने अगदी मी काढलं होतं तसंच जोडलं होतं. दोनदा जोडलं होतं.

मी ती एक तार पक्कडीने ओढून तोडून काढली आणि शेजारच्या पट्टीवर स्वतः जोडली. माझा जोड गाठीसारखा झाला, पण यंत्र चाललं. मग मी आकृतीचा तो कागद घेतला आणि फाडला. बारीक तुकडे करून चुलीत टाकले, आणि दुरुस्त केलेली आकृती कोऱ्या कागदावर सुबक काढली. हे करताना मला वाईट हेतू असल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. आवरासावर करतोय असंच वाटत होतं. यंत्राची मागची फळीही बसवून टाकली. परवा ते हातगाडीवरून न्यायचं होतं.

संध्याकाळी अक्का आली. मी कळ दाबली. दिवे लागले. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो निव्वळ माझ्यासाठी होता. मग तिने विचारलं, "कुठला होता?"

"खालच्या रांगेतला. एक कच्चा होता."

"माझा?"

"हो."

एवढंच. एक अक्षर. मी ठरवून बोललो नव्हतो. पण सरांना सांगून झालं होतं, कागद जळून गेला होता, फळी बसली होती, आणि ते अक्षर त्या सगळ्यावर आपोआप येऊन बसलं.

ती बराच वेळ हात धूत राहिली. जेवायला बसल्यावर म्हणाली, "मी तो ओढून पाहिला होता."

"जाऊ दे ना, अक्का."

"दोनदा पाहिला होता. मग तिकडे गेलेत त्यांचं काय?"

तिकडे म्हणजे कुठे, हे मला लगेच समजलं नाही. मग डोंगरावर गेलेले ते टेलिफोन आठवले. मी म्हणालो, "कारखान्यात तपासणी होते की."

"हासुद्धा मी तपासलाच होता," ती म्हणाली.

गुरुवारी कॉलेजात यंत्र चाललं. सरांनी चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर मला प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि आजही मी तिथेच आहे. दर महिन्याला मी स्वतःला एक नवी तारीख देत गेलो. मुलाखत होऊ दे, मग सांगू. रुजू होऊ दे, मग सांगू. इकडे अक्का बाकावर प्रत्येक जोड दोनदा, मग तीनदा ओढून पाहू लागली. जोराने ओढल्यामुळे चांगले जोडही निघू लागले. तिचं काम मागे पडायला लागलं. नव्या मुलींना शिकवण्यासाठी तिला नेमणार होते, ते तिने आपणहून नाकारलं. मार्चमध्ये तिने मुकादमाला सांगून बाक सोडला आणि माल बांधण्याच्या विभागात बदली मागून घेतली. आईला तिने सांगितलं की डोळे दुखतात. मला काहीच सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पुढे कितीतरी दिवस वर्तमानपत्रात सरहद्दीची बातमी आली की ती कागद घेऊन खिडकीशी जायची आणि उभ्यानेच वाचायची. काय शोधत असे ते मला ठाऊक होतं.

माणूस मोठी पापं लपवतो ती कशी, याचं मला नेहमी नवल वाटत आलंय, कारण लहान लपवणंसुद्धा रोज करावं लागतं. अक्काने राखी तार बांधलेली एखादी पुडी घरी आणली की मला दुसरीकडे पाहावं लागे. तिच्याशी प्रेमाने वागलो तर ते खोटं वाटे, आणि तुटक वागलो तर ते अधिकच वाईट. सहा हिवाळे असे गेले.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक उपकरण चालेना. नवी लागलेली एक मुलगी ते जोडत होती. मी तिच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "जोड कच्चा असेल." तिने मान वर करून अगदी साधेपणाने विचारलं, "सर, तुम्ही पाहिलात का?" मी पाहिला नव्हता. मी माझ्या खोलीत येऊन दार लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अक्काबरोबर बसच्या थांब्यापर्यंत गेलो. मी कधी जात नाही, म्हणून तिला नवल वाटलं. धुकं होतं. तिने डोक्यावरून शाल घेतली होती. मी सगळं सांगितलं. बोट रिलेवर पडलं ते, आकृतीतली चूक, ते एक अक्षर. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तो कागद कुठाय?" तिने विचारलं.

"फाडला. जाळला."

माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "वसू, मला बरं वाटावं म्हणून तू असं काही बनवून सांगू नकोस. मी आता स्वल्प विसरत आलेय."

बस आली. ती चढली. मी तिथेच उभा राहिलो. तिला पटवण्यासाठी माझ्याजवळ काहीही नव्हतं. ती आकृती मी चुकीसकट पुन्हा काढू शकलो असतो, पण आज मुद्दाम काढलेल्या चुकीवर कोण विश्वास ठेवणार. मग आठवलं की यंत्र अजून कॉलेजात आहे.

रविवारी मी तिला घेऊन गेलो. ती यायला तयार नव्हती. आईने सांगितलं म्हणून आली. आई मला काही म्हणाली नाही. तिलाही मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तिने मला स्वतःच्या हाताने वाढलं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या शिपायाने कुलूप काढलं. यंत्र भिंतीशी धूळ खात पडलं होतं. मी मागची फळी काढली आणि बाजूला झालो. कुठे पाहायचं ते मी मुद्दाम सांगितलं नाही.

तिने पदराने धूळ पुसली. खालच्या रांगेवरून तिचं बोट सरकत गेलं, निळा, नारिंगी, हिरवा, आणि एका जागी थांबलं. तिथे पट्टीवर कथिलाचा एक रिकामा, चकचकीत डाग होता. तार काढून घेतलेली, पण थेंब जसाच्या तसा, तारेभोवती वाहून थांबला होता तसा. आणि त्याच्या शेजारच्या पट्टीवर माझी गाठ होती, मळकट, टोक आलेली, मोठ्या वाटाण्याएवढी.

तिने रिकाम्या डागावर नख फिरवलं. मग म्हणाली, "हा पक्का होता."

"हो."

"तू तोडून काढलास. सहज निघाला नसेल."

"नाही. बराच वेळ लागला."

"म्हणजे काढतानाच तुला कळलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने शिपायाला विचारून सोल्डरिंग आयर्न मागून घेतलं, ते तापेपर्यंत स्टुलावर बसून राहिली आणि शाल काढून घडी घालून मांडीवर ठेवली. सहा वर्षांत तिने ते हातात धरलं नव्हतं. पहिल्यांदा टेकवलं आणि तिने लगेच मागे घेतलं. दुसऱ्यांदा टेकवलं. माझी गाठ वितळली, तिने ती पुसून काढली, तार सरळ केली आणि नव्याने कथील धरलं. राळेचा धूर वर आला. थेंब तारेभोवती वाहिला आणि थांबला. तिने चिमट्याने तार ओढून पाहिली, एकदाच.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "छान झालाय, अक्का."

तिने आयर्न खाली ठेवलं, वायर भिंतीतून काढली आणि शाल अंगावर घेतली.

"माझा जोड कसा झालाय," ती म्हणाली, "ते यापुढे तू मला सांगायचं नाहीस."